डाऊन म्हणजे कुठं?

आमच्या माण गावच्या घराला आता वर तीन खोल्या आहेत आणि तिन्हींत हिंजवडीला कामाला जाणारी पोरंपोरी भाड्यानं राहतात. मी खालच्या खोलीत असतो. परवा वरची नागपूरकडची मुलगी जिन्यातनं ओरडली, "काका, नेट डाऊन आहे!" मी उठलो, चप्पल घातली, अंगणात जाऊन बघितलं, जिन्याखाली बघितलं, टाकीच्या मागं बघितलं. काही पडलेलं नव्हतं. "हितं न्हाई गं बाई," म्हटलं, "तुझं वरच कुटंतरी असंल." ती खाली येऊन हसत बसली, मग माझी नात हसली. नात म्हणते, आजोबा, डाऊन म्हणजे बंद. बरं. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीनं जेवण टाकलं, का तर म्हणे आज मी डाऊन आहे. ती तर चांगली चालतीबोलती होती. संध्याकाळी मुलगा कंपनीची गाडी घेऊन आला, म्हणाला टायर डाऊन आहे. आणि कडेच्या खोलीतला पोरगा शनिवार-रविवार सोडून रोज चिंचवडहून अप-डाऊन करायचा, तो कंटाळून इथं राहायला आलाय. बंद, उदास, हवा गेलेला, रोजची ये-जा. एका शब्दानं इतकी घरं करावीत का? आणि गंमत अशी, की माझी ह्या शब्दाशी पहिली गाठ पडली तेव्हाचा अर्थ ह्यातला एकही नव्हता. नात म्हणाली, तुम्ही सांगा, मी टाइप करते. म्हटलं, लिहीन मी माझ्या हातानं. शुद्धलेखन तू बघ, म्हणणं माझं राहू दे.

आमची वाडी मुळशीच्या धरणाच्या वरल्या अंगाला, घाटमाथ्यावर. मावळतीकडची खाचरं ओलांडली की जमीनच संपते आणि पायाखाली कोकण दिसतं. त्यामुळं वर कुठलं आणि खाली कुठलं हे आमच्यातल्या रांगत्या पोरालाही शिकवावं लागत नसे. मुंबई खाली, पनवेल खाली, कर्जत खाली. पुणं आपल्या अंगचं, म्हणजे वरचं. माणूस मुंबईला "उतरायचा" आणि गावाला "चढायचा", असंच बोलणं होतं. मी शाळेत तीन यत्ता गेलो. मास्तर कधी यायचे, कधी न्हाई, पण आले की इंग्रजी शिकवायचे आणि त्यांचं इंग्रजी दोनच वाक्यांचं होतं. स्टँड अप, सिट डाऊन. अप म्हटलं की उठायचं, डाऊन म्हटलं की बसायचं, चुकलं तर छडी. ते इंग्रजी माझ्या पोटऱ्यांत बसलंय, डोक्यात न्हाई, म्हणून ते अजून पक्कं आहे. घरात दुसऱ्या कुणाला एवढंही येत नव्हतं. त्यामुळं कुणी बाहेरचा शब्द घेऊन आलं की आई माझ्याकडं बघायची आणि मी अर्थ सांगायचो.

आमच्या घराला तीन पायऱ्यांचा ओटा. त्या ओट्यावर दाराच्या चौकटीला पाठ लावून आबा, म्हणजे माझे वडील, घायपाताच्या वाखाचं चऱ्हाट, म्हणजे जाड दोर, वळत बसायचे. वाखाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, पाय लांब सोडायचा, आणि तळव्यानं मांडीवर वळत राहायचं. त्यांचा तो सोडलेला पाय दाराला आडवा यायचा आणि आत-बाहेर करणाऱ्यानं तो ओलांडायचा नाही, आबा पाय काढेपर्यंत थांबायचं, अशी रीत होती. आत उखळ. आई आणि अक्का समोरासमोर उभ्या राहून भात कांडायच्या. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, हौसा. आईचं मुसळ वर असलं की अक्काचं खाली, अक्काचं वर असलं की आईचं खाली. धप-धप, धप-धप असा आवाज. लहानपणी मला त्या आवाजाशिवाय झोप येत नसे. अक्काचं लग्न झालं, ती खाली कर्जतच्या बाजूला गेली, आणि मग नुसतं धप. थोडं थांबून पुन्हा धप. आवाज लंगडा झाला. मी आईला म्हणायचो, "जरा भराभर कांड की." आई म्हणायची, "एका मुसळाला दम खावा लागतो, बाबा."

अक्काचं सासर बरं निघालं न्हाई. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि अक्काचं अंथरूण गोठ्यात गेलं. ही बातमी आमच्यापर्यंत गेनूमामानं आणली. गेनूमामा आईचा चुलतभाऊ, घाटात रेल्वेच्या गँगवर कामाला. रूळ ठोकायचे, खडी भरायची, असं काम. तो सुट्टीला आला की त्याच्या अंगाला तेलाचा आणि गंजाचा वास यायचा आणि बोलण्यात रेल्वेचे शब्द असायचे. त्या उन्हाळ्यात तो आला, पाणीसुद्धा प्यायला न्हाई, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून म्हणाला, "ताई, हौसा निघतीया. मंगळवारी दुपारच्या डाऊनला बसती म्हणाली. लोणावळ्याच्या टेसनात आपलं माणूस दिसलं तर उतरंल. न्हाई दिसलं तर तशीच फुडं जाईल."

"फुडं कुटं?" आईनं विचारलं.

"त्ये न्हाई बोलली. पर आपणहून दारात येणार न्हाई म्हणाली. न्यायला आलात तरच."

आबांनी चऱ्हाटाला एक पीळ दिला. "दिली ती दिली," म्हणाले. "माझ्या घरातनं कुनी जानार न्हाई."

"आवं, पोर गोठ्यात झोपती," आई म्हणाली.

"माझा बाप गोठ्यातच झोपायचा."

ह्यावर गेनूमामा उठला आणि निघून गेला. आई उठली. आत गेली, आणि थोड्या वेळानं उखळातनं आवाज यायला लागला. मी जाऊन बघितलं तर आंबेमोहोर कांडत होती. आमच्याकडं आंबेमोहोर पिकायचा, पण खायचा न्हाई, तो विकायला. आम्ही नाचणी आणि वरई खायचो. आंबेमोहोर चुलीवर चढायचा तो फक्त जावई आला किंवा जिलेबी आणण्यासारखं काही घडलं तर. ओट्यावरनं आबांनी विचारलं, "कुनासाठी?" आई म्हणाली, "ज्याला भूक लागंल त्याच्यासाठी." आणि मग मला हळूच म्हणाली, "नामा, तू जा. पर मला आदी सांग, डाऊन म्हंजी कंची गाडी?"

आता मला विचारलं होतं. मी सांगितलं, "डाऊन म्हंजी खाली. खाली जानारी गाडी."

आई गोंधळली. "पर ती तर खालनं वर येनार न्हवं का?"

हा प्रश्न मलाही पडला, पण मास्तरांचा शब्द काही बदलत न्हाई. मी विचार केला आणि मला सगळं लख्ख दिसलं. पुण्याच्या अंगाला खडकीला आमची मावशी होती. अक्का आधीच सासरहून निघून मावशीकडं गेली असणार, आणि तिथनं खाली येणाऱ्या गाडीनं लोणावळ्याला उतरणार. आईला तसं सांगितलं. आईचा चेहरा एकदम उतरला. "म्हंजी टेसनात कुनी न्हाई दिसलं तर ती फुडं जाईल म्हंजी परत खालीच की रे. परत त्याच गोठ्यात." आम्ही दोघं उखळाच्या दोन बाजूंना बसून राहिलो. अक्का नक्की कुठनं येतेय आणि कुठं जाणार आहे हे आम्हाला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की मंगळवारी दुपारी मी तिथं उभा दिसलो पाहिजे.

पहिल्या कोंबड्याला निघालो. आईनं नाचणीच्या भाकरी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी आणि कांदे बांधून दिले. आबा जागे होते. मी ओट्यावरनं उतरलो तेव्हा नुसते खोकले. डोंगराच्या कडेकडेनं लोणावळ्याला पायवाट होती, माझे पाय तेव्हा घोड्यासारखे होते. उन्हं चांगली चढली तेव्हा स्टेशनात पोचलो. मुळशीत आजतागायत रेल्वे न्हाई. आता इकडं माणला डोक्यावरनं मेट्रोचे खांब गेलेत ती गोष्ट वेगळी. मी तोवर स्टेशन दोनदाच बघितलेलं. लाल डगल्यातला एक हमाल पालथ्या हातगाडीवर बसला होता. त्याला विचारलं, "डाऊन कुटं लागती?"

त्यानं बोटानं रुळांच्या पल्याड दाखवलं. "पल्याडल्या फलाटाला."

"पल्याड तर पुन्याची लागती."

"तीच डाऊन."

"आरं, पुन्याची गाडी घाट चढून येती. चढती ती डाऊन कशी?"

तो हमाल माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "पावनं, मी हितं रोज बसतो."

"मी घाटमाथ्यावर रोज बसतो," मी म्हटलं. "मला वर-खाली शिकवू नगंस."

शेजारी चहावाला होता, तो किटली खाली ठेवून म्हणाला, "आवं, नाव रेल्वेनं ठिवलंय. तुमच्या आज्ज्याला बारशाला बोलवायचं ऱ्हायलं." सगळे हसले. बाकावरची एक बाई तर पदर तोंडाला लावून हसली. मी अल्याडच्या फलाटावर, जिथं घाट उतरून मुंबईला जाणारी गाडी लागते तिथं, खांबाला टेकून उभा राहिलो. आता लोक म्हणतील हट्टी. मी म्हणतो, चार माणसं हसली म्हणून डोंगर फिरतो का? आजही कुणी मला त्या स्टेशनात नेऊन उभं केलं आणि विचारलं, की बाबा खाली कुठं, तर मी घाटाकडंच बोट दाखवीन.

आणि मग घाटातनं गाडी वर आली. पुढं एक इंजिन आणि मागनं ढकलायला दोन, धापा टाकत, सगळं स्टेशन हादरवत. ती पल्याडच्या फलाटाला लागली. मला तिच्याशी घेणं नव्हतं, मी पुण्याकडं नजर लावून होतो. चहावाला ओरडला, "ओ घाटमाथा! डाऊन आली बगा तुमची!" मी मान फिरवली ती त्याला काहीतरी सुनवायला. आणि त्या गाडीच्या एका खिडकीत मला अक्काची पाठ दिसली.

पाठच. तोंड पल्याडच्या फलाटाकडं होतं. पण बहिणीची पाठ ओळखायला तोंड लागत न्हाई. आईनं दिलेलं हिरवं लुगडं होतं, आणि मान किती बारीक झाली होती. ती खिडकीच्या गजांना धरून फलाटावरचा एकेक माणूस बघत होती. मान डावीकडं, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. मधे फक्त एक रुळांची जोडी आणि मी तिच्या मागं. "अक्का!" म्हणून ओरडलो. मागची इंजिनं सोडवत होते, त्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू आला न्हाई. पुन्हा ओरडलो. तिनं मान वळवली न्हाई. ती का वळवील? आपलं माणूस फलाटावर असतं. पाठीमागं आपलं माणूस असेल हे कुणाच्या मनात येतं? मग तिनं गज सोडले, पदर डोक्यावरनं पुढं ओढला आणि खाली बसली. बसली म्हणजे खिडकीत दिसेनाशी झाली.

पूल लांब होता. मी फलाटावरनं रुळांत उडी टाकली. मागनं हमाल ओरडला, "अप आली! आरं अप आली!" अप म्हणजे वर. मी वर येणाऱ्या बाजूला, घाटाकडं बघितलं. तिकडं काहीच नव्हतं, मोकळे रूळ चकाकत होते. म्हटलं, हा मला अजून बनवतोय. आणि शिट्टी झाली ती माझ्या पाठीमागं, पुण्याच्या अंगाला. अप तिकडनं येत होती. खाली जाणारी गाडी, आणि तिचं नाव अप! मी कसा पलीकडं गेलो ते मला सांगता येणार न्हाई. पायरीवर चढलो, दांडीला लोंबकळलो आणि मागनं गरम वारा लागला एवढं आठवतं. चटणीचं गाठोडं तेवढं काखेत घट्ट होतं. दार आतनं बंद. मी बुक्क्या मारल्या. एका भाजीवालीनं कडी काढली आणि मला बघून म्हणाली, "आरं मुडद्या, ही काय चढायची बाजू हाय व्हय?"

त्या दिवशी तेच सगळ्यांनी मला ऐकवलं.

अक्का टोपल्यांच्या आड खाली बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं आधी माझे पाय बघितले, मग वर बघितलं.

"नामा? तू कुटनं आलास?"

"टेसनातनं."

"टेसन तर ह्या बाजूला हाय."

"माझं त्या बाजूला हुतं."

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ते हसू मोडलं आणि ती माझ्या पायांना धरून रडायला लागली. भाजीवाली म्हणाली, "बया, चढला म्हनून रडतीस, का उशिरा चढला म्हनून?" तेवढ्यात गाडी हलली. लोणावळा मागं पडलं. उतरायचं राहिलंच.

पुढच्या मळवलीला उतरलो. तिथनं उलटं चालत निघालो, म्हणजे वाट दुप्पट झाली. एका ओढ्याच्या कडेला झाडाखाली बसून भाकरी सोडली. अक्कानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिली. खुरासणीची चटणी कर्जतच्या बाजूला कोण करणार? मी विचारलं, तू खडकीहून का न्हाई आलीस? ती म्हणाली, खडकीचा काय संबंध? मग मी डाऊनचं सगळं सांगितलं, मास्तर, छडी, हमाल, सगळं. ती म्हणाली, "येड्या, माझं सासर लायनीला लागून हाय. बंबईकडं जाती ती अप, बंबईपासनं लांब जाती ती डाऊन. शेंबडं पोर सांगंल."

"आन् घाट? चढती का उतरती त्याला काय किंमतच न्हाई?"

"घाटाला कोन इचारतं? बंबई मोठी. तिच्याकडं गेलं की वर."

"मंग आपन घाटमाथ्यावर ऱ्हाऊन खालीच म्हनायचं का?"

"मला काय म्हाईत," अक्का म्हणाली. "मला एवढंच म्हाईत हुतं, का दुपारची डाऊन गेली की ती तुमच्याकडं जाती. मी भांडी घासायची थांबायचे आन् तिच्याकडं बगत बसायचे. सासू म्हनायची, तुझा बाप हाय का तिच्यात?"

मी तेव्हाच विचारलं, आणि पुढं आयुष्यभर अधूनमधून विचारत आलो, "अक्का, मी दिसलो नसतो तर कुटं जानार हुतीस?" अक्का अजून आहे. पलीकडच्या खाटेवर बसून भाजी निवडतेय, तिला कमी ऐकू येतं. आत्ता हे लिहिताना पुन्हा ओरडून विचारलं. म्हणाली, "डाऊन जाईल तितवर." मग मेथीची काडी माझ्याकडं रोखून म्हणाली, "आन् लिवतोस तर खरं लिव, चुकीच्या बाजूनं आलास म्हनून लिव." मी म्हटलं, मी आलो हे लिहितो. बाजूचं लोकांनी ठरवावं.

वाडीच्या अलीकडं आलो तेव्हा दिवेलागणी होऊन गेली होती. अक्काचे पाय सुजले होते. घराजवळ येता येता ती मागं पडायला लागली. दमली म्हणून न्हाई, भ्यायली म्हणून. वाऱ्यावर आंबेमोहोराचा वास आला. तो वास चोरून ठेवता येत न्हाई, अख्ख्या वाडीला कळतं कुणाकडं शिजतोय. आबा तासभर त्याच वासात बसलेले असणार. ओट्यावर कंदील होता, आबा चौकटीला टेकून चऱ्हाट वळत होते, आणि पाय नेहमीसारखा दाराला आडवा. आई आत उंबऱ्याशी उभी होती, त्या पायाच्या आत. आम्ही पायऱ्यांच्या खाली थांबलो. अक्का लुगड्याचा काठ बोटांना गुंडाळत खाली बघत होती. मला वाटलं, आबा आता म्हणतील, आली तशी जा. ते म्हणाले असते तर ती गेली असती. आमच्या घरात कुणीच दोनदा विचारणारं नव्हतं.

आबांनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं न्हाई. "कंच्या गाडीनं आनलीस?"

"डाऊननं," मी म्हटलं.

"डाऊन म्हंजी खाली जानारी, असं तूच सांगत हुतास आईला."

मी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच मला त्या शब्दाचा अर्थ सांगता येईना. तेवढ्यात माझ्या मागनं अक्का म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "न्हाई आबा. वर येनारी."

आबांचा हात मांडीवरच थांबला. वाखाचं टोक अंगठ्यातनं सुटलं आणि पीळ आपोआप उलगडत गेला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी गुडघा दुमडला आणि पाय जवळ ओढून घेतला.

"मंग खाली का उबी?" आबा म्हणाले. "वर ये."